झाकणाच्या आतली खूण

धकाते काकांच्या घड्याळांचं पुढे काय झालं, हे गल्लीत येणारा-जाणारा मलाच विचारतो. मी काय त्यांची वारस आहे? विचारायचं तर त्यांच्या मुलाला विचारा. काका गेल्यावर एका दुपारी तो आला, टॅक्सी दारात उभी ठेवूनच घरात शिरला आणि बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यातली सगळी घड्याळं एका पिशवीत ओतून घेऊन गेला. ओतून म्हणते आहे मी, ठेवून नाही. तो खणखणाट माझ्या ओसरीपर्यंत आला. हातातली तांदळाची ताटली मी तशीच आपटली आणि आत गेले.

असो. त्याच्याबद्दल बोलायला बसले तर काका बाजूलाच राहतील.

नागपूरच्या सक्करदऱ्यात आमची घरं समोरासमोर. मी टेलिफोन खात्यात नोकरी केली. सगळा जन्म लोकांची बोलणी जोडून देण्यात गेला, त्यामुळे माझा कान तिखट आहे, आणि तोंड कानाहून तिखट आहे असं आमच्या घरचे म्हणतात. काका रेल्वेत गार्ड होते. नागपूरहून उमरेड, भिवापूर करत नागभीडला जाणारी जी छोटी गाडी होती, रुंद रुळांसाठी बंद झाली ती, तिच्यावर त्यांची बहुतेक नोकरी झाली. उंच, जरा वाकलेले. घरातसुद्धा बनियनवर बसलेलं मी त्यांना कधी पाहिलं नाही. भाजी निवडायची असली तरी इस्त्रीचा शर्ट.

काकू गेल्यावरही ते स्वयंपाक दोघांचाच करत. एकाचा करायला हातच बसत नाही म्हणायचे. मग उरलेली वाटी घेऊन माझ्या दारात उभे. कोष्ट्याच्या घरचा रस्सा तो, पहिल्या घासाला कानातून वाफा निघायच्या. मी म्हणायची, "काका, तिखट जरा कमी टाकत जा, माझ्या पोटाचं काही खरं नाही." तर म्हणायचे, "थे तिच्या अंदाजानं टाकतो ना ताई." मी गपचूप वाटी घ्यायची आणि ताकात कालवून खायची.

तर घड्याळं. रेल्वेची जुनी, खिशात ठेवायची. तळहातावर मावतील एवढी, चांगली वजनदार. पांढरी तबकडी, ठसठशीत काळे आकडे, पाठीवर त्या त्या कंपनीची अक्षरं आणि नंबर. गार्ड आणि ड्रायव्हर यांना कामावर मिळायची म्हणे. पुढे मनगटी घड्याळं आली आणि ही भंगारात गेली. काका ती जुन्या बाजारातून, भंगारवाल्याकडून, कुणा मेलेल्या सहकाऱ्याच्या पेटीतून गोळा करायचे. आता तुम्ही-मी असं घड्याळ हातात घेतलं तर आधी चालतं का ते बघू. काका ते पालथं करत. चालण्या-न चालण्याशी त्यांना काही घेणं नव्हतं.

"समोरून तर सारेच पाह्यते ताई. आपुन गार्ड. आपला डबा मागचाच."

मग अलगद पाठीचं झाकण उघडायचं, डोळ्याला भिंग लावायचं आणि झाकणाच्या आतल्या बाजूला काय खरडलं आहे ते शोधायचं. मला आधी वाटे, ओरखडे असतील. तर तसं नव्हतं. जुन्या घड्याळजींची रीतच होती ती. दुरुस्तीला आलेलं घड्याळ परत देताना ते सुईच्या टोकानं झाकणाच्या आत आपली एक बारीकशी खूण करून ठेवत. उद्या तेच घड्याळ पुन्हा आलं तर आपण हात लावला होता का, हे कळावं म्हणून. कुणी अक्षर काढी, कुणी चांदणी, कुणी मासोळी. गिऱ्हाइकाला त्याचा पत्ताही नसे. एकेका झाकणात दोन-तीन जणांच्या खुणा, एकाखाली एक. काकांना नाद होता तो ह्या खुणांच्या माणसांचा. कोण होता, दुकान कुठे होतं, आता त्या घरात कोण आहे.

हा शोध त्यांनी काकू गेल्यावर सुरू केला. आधी नुसतीच घड्याळं होती.

जरीपटक्याच्या सिंधी वस्तीतली गोष्ट ते रंगवून सांगत. एका झाकणात कुणाला न वाचता येणारी अक्षरं होती, उजवीकडून लिहिलेली. सिंधी असावं म्हणून काका जरीपटक्याच्या बाजारात दुकान-दुकान फिरले. शेवटी मोबाईलची कव्हरं विकणारा एक पोरगा म्हणाला, माझ्या दादाजींचं घड्याळाचं दुकान होतं खरं, पण मला हे वाचता येत नाही. "बेचना है क्या अंकल?" काका म्हणाले, "बेचने नहीं, दिखाने आया हूँ." पोराला वाटलं म्हातारा सटकला. पण त्याने वरच्या मजल्यावर नेलं. तिथे त्याची आजी पलंगावर बसलेली. तिने भिंगातून पाहिलं आणि म्हणाली, "इनका ही हाथ है." एवढंच. नवऱ्याचं नाव होतं ते. मग ते झाकण तिने हातातून सोडलंच नाही. काकांचा चहा झाला, दुसरा झाला, जेवायला बसवलं, तरी तिच्या हातात झाकण.

"मंग?" मी विचारलं.

"मंग काय, ठेवून आलो. नुसती डबी घेऊन काय करू? घडीच ठेवून आलो."

असे हे संग्रह करणारे! जमवायचं आणि वाटत सुटायचं. मी तसं म्हणाले तेव्हा काका हसले आणि म्हणाले, "रिकाम्या हातानं कोनाच्या घरी काहून जावं ताई? घडी असली का दार उघडते लोक."

मला ते वाक्य त्या दिवशी नीट कळलं नाही. आता कळतं.

मुलगा अमोल बंगलोरला. मोठ्या कंपनीत. दर रविवारी सकाळी फोन. काका अंगणात खुर्ची टाकून तयार बसायचे, इस्त्रीचा शर्ट घालून. फोनवर शर्ट दिसतो का? पण नाही, घालायचे. मला समोरून अर्धंच बोलणं ऐकू यायचं, पण तेवढ्यावरून अख्खं कळायचं. "जेवला का?... बरं बरं, मीटिंग हाय का... नाई नाई, मी ठीक हाय... बरं ठेव मंग." चहा निवायच्या आत आटपायचा कारभार. मग काका फोन खिशात टाकत आणि उगाच कुंड्यांना पाणी घालत बसत. आधीच घातलेलं असे, तरी. अमोलचं लग्न व्हायचं होतं. निदान काका तसं समजून होते.

आणि मग ते धोट्याचं घड्याळ आलं. एका भंगारवाल्याकडे मिळालं. झाकणाच्या आत इवलासा धोटा कोरलेला. मागावर विणताना दोऱ्यांतून इकडून तिकडे फेकतात ना, तो. दुसऱ्या कुणाला ती होडी वाटली असती. काकांच्या घरी त्यांच्या आजापर्यंत माग होता. त्यांनी पाहिल्याबरोबर ओळखलं. घड्याळ रेल्वेचं आणि खूण कोष्ट्याची! काका दोन दिवस गल्लीत कुणाशी नीट बोलले नाहीत, इतके आनंदात होते. "आपल्यातला मानूस हाय ताई. माग सोडून घडीसाज झाला असन." मग उमरेडला चार घरी विचारत विचारत त्यांना पत्ता लागला. भिवापूरचे पराते. म्हातारे घड्याळजी केव्हाच वारले होते. मुलगा विठ्ठलराव मिरचीच्या व्यापाऱ्याकडे कामाला.

काका घड्याळ रुमालात गुंडाळून, इस्त्रीचा शर्ट घालून, एस.टी.ने भिवापूरला गेले. आता पुढचं ऐका.

म्हातारा माणूस, नीटनेटका, नागपूरहून आलेला. आडनाव धकाते, म्हणजे आपल्याच समाजाचा. ओट्यावर बसतो आणि विचारतो काय? तुमचे वडील काय करत, मूळ गाव कुठलं, आजोबा कधी इकडे आले, घरात आता कोण कोण आहे. विठ्ठलरावांनीही विचारलं, तुमच्याकडे कोण? काका म्हणाले, मी एकटा, आणि मुलगा बंगलोरला कंपनीत. झालं! त्या घरात लग्नाची मुलगी होती, अर्चना, सरकारी दवाखान्यात रक्त तपासायच्या कामावर. तिशी उलटलेली. आत निरोप गेला. पोहे आले, वर खोबरं-कोथिंबीर. चहाचा ट्रे घेऊन साडीतली अर्चना आली. तिच्या आईने, पुष्पाबाईंनी, काकांच्या हातावर गुळाचा खडा ठेवला. घड्याळ रुमालातच.

"अहो पण सांगायचं ना!" मी ओरडलेच. "मी घड्याळ दाखवायला आलो म्हणून!"

"दाखवलं ना मंग. पोरगी आत गेल्यावर." काका खाली बघत म्हणाले. "विठ्ठलराव रडले ताई. बापाची खून पाहून. म्हने, असे पाव्हने भेटाले नशीब लागते. तवा कसं सांगू?"

मी हसून हसून लोळले. काकाही हसले. येताना त्यांना पिशवीभर मिरची मिळाली होती, त्यातली अर्धी मला दिली.

पण काका पुन्हा भिवापूरला गेले. मग पुन्हा. विठ्ठलरावांनी वडिलांची हत्यारं काढून दाखवली, चिमटे, भिंग, तेलाची कुपी. जेवायला बसवलं. पोळ्याला बोलावलं. घड्याळ मात्र ते दरवेळी नेत आणि दरवेळी परत आणत. मी विचारलं, इतरांना तर देऊन टाकता, हे काहून नाही? तर म्हणाले, "देऊन टाकलं त जायचं कायच्या निमतानं?" परतले की सगळं सांगत. पुष्पाबाईंनी पाटोडी केली होती. अर्चनाने त्यांचं रक्त तपासलं, साखर जरा जास्त निघाली, तिने गोड बंद करायला लावलं. "मले रागावली ना थे," काका कौतुकाने सांगत. मला वाटत होतं, अमोलशी बोलणं झालं असणार, पोराने होकार दिला असणार. बरं झालं म्हटलं, ह्या घरात चार माणसं वावरतील.

दिवाळीच्या आधी काका मोबाईल घेऊन माझ्याकडे आले. "ताई, अमोलचा एक फोटो काढून आना ना दुकानातून. कागदावर. भिवापूरवाले मांगून राहिले."

"अमोलचं काय म्हणणं? पसंत आहे ना त्याला?"

काका मोबाईलचं कव्हर काढायचे आणि लावायचे. काढायचे आणि लावायचे.

"काका?"

"इचारलं नाई."

"म्हणजे?"

"अजून त्याले इचारलंच नाई ताई."

माझं डोकंच फिरलं. माझी जीभ म्हणजे काय ते गल्लीला माहीत आहे. "अहो, इतके महिने तुम्ही त्यांच्या घरी जेवून राहिले! ती पोरगी काय तुमची वेटिंग रूम आहे? बसले आरामात, गाडी येवो न येवो? तिचे आई-बाप डोळे लावून बसले असतील तिकडे!"

काकांनी सगळं ऐकून घेतलं. मग हळूच म्हणाले, "इचारलं त थो नाई म्हनन. मले मालूम हाय. मंग मी तिकडं कोन्या तोंडानं जाऊ? आता जातो त कोनी पानी देते. थांबा म्हनते, जेवून जा म्हनते. सायंकाळी निघाले लागलो त, पोहचल्यावर फोन करा म्हनते. मले कोन म्हनते ताई, फोन करा?"

मी आत गेले. पाण्याचा ग्लास आणायला म्हणून गेले आणि ओट्याशी उभी राहून रडले. राग गेला नव्हता, तरी रडले. बाहेर येऊन म्हणाले, "उद्या आपण दोघं भिवापूरला जाऊ. तुम्ही सगळं खरं सांगा. मी सोबत आहे."

दिघोरीच्या थांब्यावरून एस.टी. धरली. काका वाटभर रुमालातलं घड्याळ चाचपत होते. परात्यांच्या अंगणात मिरची वाळत घातलेली, उतरल्यापासून मला ठसका. विठ्ठलराव "या या" म्हणत खुर्च्या झटकू लागले, पण काका बसलेच नाहीत. उभ्या उभ्या बोलले.

"विठ्ठलराव, मी मुलाले काहीच इचारलं नाई. मी घडी दाखवायले आल्तो. तुमी मले पाव्हना समजले, अन् मी पाव्हना होऊन बसलो. माझी चुकी हाय."

विठ्ठलरावांनी हातातली खुर्ची खाली ठेवली. "म्हंजे हे स्थळ नोहे?"

"नोहे."

पुष्पाबाई दारात होत्या. त्या आत गेल्या आणि आतून भांडी आपटल्याचा आवाज यायला लागला. काकांनी रुमाल सोडला आणि धोट्याचं घड्याळ विठ्ठलरावांच्या पुढ्यात ठेवलं. "हे तुमच्या बापाच्या हातचं. हे तुमच्याचकडे राहू द्या." आणि हात जोडून उभे राहिले.

तेवढ्यात अर्चनाने मला खुणेनं मागच्या अंगणात बोलावलं. तिथे तिने मोबाईल माझ्यापुढे धरला. फोटो होता. अमोल, गळ्यात हार. शेजारी एक मुलगी, तिच्याही गळ्यात हार. मागे चार-पाच मित्र. फोटो काही कालचा नव्हता.

"काका पहिल्यांदा येऊन गेले ना मावशी, त्याच दिवशी पाह्यलं मी," ती म्हणाली. "मोबाईलवर मुलाचं नाव टाकून पाह्यलं, तर हे."

"अगं, मग बोलली काहून नाहीस?"

"आजोबांबद्दल बाबांना कोणी कधी काही विचारलं नव्हतं. काका आले का बाबा बोलत राहतात." मग जराशी हसली. "अन् खरं सांगू? स्थळ चालू आहे म्हटलं का बाकीचे पाव्हने बंद. इतके महिने मले कोणी ट्रे घेऊन उभं नाही केलं. मी सुखात होते."

मला तिच्या पाठीवर हात फिरवावासा वाटला, आणि अमोलच्या कानाखाली वाजवावीशी वाटली.

"काकांना हे माहीत नाही ना?" तिने विचारलं.

"नाही."

"तर मी कशाले सांगू? बापाले पोराच्या लग्नाची गोठ परक्या अंगणात नको समजाले."

ती पुढे गेली आणि सगळ्यांच्या देखत म्हणाली, "काका, मलेच नव्हतं करायचं लग्न. बरं झालं तुम्हीच बोलले. साखर तपासायला मात्र येत जा." काकांचे डोळे भरले. पुष्पाबाईंनी जेवायला वाढलं, पण पुन्हा या असं काही त्या म्हणाल्या नाहीत. त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. आईच ती.

परतताना मात्र काका हलके झाले होते. खिडकीशी बसून बोलत सुटले. "आता इचारूनच टाकतो ताई पोराले. का बा, तुह्या मनात कोनी हाय का? असन त सांग म्हनतो. आपुन काही जुन्या वळनाचे नाई. काहून? बरोबर हाय ना?" मी म्हटलं, बरोबर आहे. पुढचं माझ्या जिभेवर होतं. पण ते सांगणं त्या मुलाचं काम होतं, माझं नव्हतं. उमरेडला गाडी थांबली तेव्हा काकांनी मला शेंगदाण्याची पुडी घेऊन दिली.

रविवार आला. मी ओसरीत तांदूळ निवडायला बसले. निवडत काही नव्हते. समोर खुर्ची, खुर्चीत काका, शर्ट पांढरा.

"अमोल, एक गोठ इचारू का बेटा?"

त्यांनी विचारलं. खुर्चीतून उठले. पुन्हा बसले.

"कधी?"

"...बरं."

"नाई, नाई, रागावतो कायले."

"नाव काय हाय तिचं?"

"...चांगलं नाव हाय."

"जेवता ना दोघं येळेवर?"

फोन ठेवून काका घरात गेले आणि दार लोटून घेतलं. दुपारी वाटी आली नाही. मी दोनदा त्यांच्या फाटकापर्यंत जाऊन परत आले.

संध्याकाळी दार उघडलं. काका कोपऱ्यावरच्या दुकानात गेले आणि पेढ्यांचा खोका घेऊन आले. पहिल्यांदा माझ्याकडे. "घ्या ताई. पोराचं लग्न झालं." मी पेढा घेतला. माझ्या चेहऱ्यावरून त्यांना कळलं असेल का, की मला आधीच ठाऊक होतं? कळलं असणार. त्यांनी काही विचारलं नाही.

शेजारच्या बोंद्रे वहिनी आपल्या फाटकातच होत्या. त्यांनी पेढा घेतला आणि डोळे मोठे केले. "अव बाप्पा! पोराचं लग्न अन् तुमी गेले नाई?"

काका थांबले.

"गेल्तो ना वं," ते म्हणाले. "जाऊन आलो. तुमाले मालूम नाई." आणि त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"हो तर!" मी म्हटलं, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं. "मीच नाही का स्टेशनवर सोडलं? किती जड बॅग होती काकांची!"

मग मी चपला घातल्या आणि त्यांच्याबरोबर निघाले. खोका मी धरला, पेढे काका देत होते. दुसऱ्या घरी त्यांनी सांगितलं, लग्न साधंच झालं. तिसऱ्या घरी सांगताना त्याच लग्नात पंगत उठली. पुढच्या घरी सुनेनं पाया पडून आशीर्वाद घेतला आणि काकांनी तिला काकूंची हिरवी साडी दिली. एवढं आनंदाने बोलताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. मी प्रत्येक घरी मान हलवत होते, साडीचा रंग सांगत होते.

गल्लीच्या टोकाच्या घरी म्हातारबाईंनी पेढा तोंडात टाकला आणि विचारलं, "सून कशी हाय मंग?"

"लय बोलकी हाय," काका म्हणाले. "मले येऊच देत नव्हती. म्हने, बाबा, आता इथंच राहा. मीच म्हनलं, नाई बेटा, मले तिकडं लय कामं हायेत."